हस्त, चित्रा, स्वाती : थंडीच्या भाज्यांची पेरणी

बागकामाची इंग्रजी पुस्तके चाळणाऱ्या शिक्षकांना एक कोडे हमखास पडते. पुस्तकात लिहिलेले असते की वाटाणा, मुळा, गाजर, कोबी आणि पालेभाज्या वसंत ऋतू लागताच पेराव्यात. मग आपण शाळेच्या परसबागेत फाल्गुनात वाटाणा टोकला, तर वेल वीत-दीड वीत वाढून त्याची फुले का गळतात? मुळा पोसण्याआधीच त्याला तुरा का येतो? बी चांगले होते, खतपाणी झाले होते, मुलांनी खुरपणीही मनापासून केली होती. मग बिघडले कुठे?

बिघडले ते 'वसंत' ह्या शब्दापाशी. इंग्लंडसारख्या थंड मुलखात हिवाळाभर जमीन गोठलेली तरी असते, नाही तर चिखलाने भरलेली. मार्च महिन्याच्या सुमारास पाणी निथळते, मातीला वाफसा येतो, आणि तेथील बागाईतदार लगोलग वाटाणा टोकतो. त्या वेळी हवा आपल्या पौषातल्या पहाटेहूनही गार असते. रात्री दव गोठते. तरी ही पिके तग धरतात. जमिनीचे उष्णतामान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी वाटाण्याचा दाणा सावकाश का होईना, पण रुजतो. आपला वसंत निराळा. पळस फुललेला असतो, विहीर तळाकडे चाललेली असते आणि दुपारी पारा ३५ अंशांवर गेलेला असतो. तेव्हा त्यांच्या वसंतातले हवामान आपल्याला हवे असेल, तर ते कार्तिकापासून माघापर्यंत शोधले पाहिजे. ते दार आपल्याकडे पावसाळा सरताच उघडते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास लागते. मध्ये मिळतात साडेतीन-चार महिने. थंडीच्या भाजीचा सगळा हिशेब ह्या साडेतीन-चार महिन्यांत बसवायचा आहे, आणि म्हणून ह्या भाज्यांच्या बाबतीत खतापेक्षाही पेरणीची तारीख मोठी, असे माझे मत आहे.

थंडी सोसणारे पीक म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. वनस्पतीच्या पेशीत पाणी असते. ते गोठले की पेशी फाटतात आणि कोवळे पान उकडल्यासारखे काळे पडते. भेंडी, गवार, काकडी, दुधी ह्यांना तर गोठण्याइतकी थंडीही लागत नाही. १० अंशांच्या खालच्या चार रात्री लागोपाठ आल्या, की त्यांची वाढ खुंटते. उलट वाटाणा, कोबी, गाजर, मुळा, कांदा, लसूण ही मंडळी बेताबेताने वाढत जाणाऱ्या थंडीला सरावतात. थंडी वाढेल तशी ती पेशींतल्या रसात साखर साठवू लागतात, आणि साखरेचे पाणी साध्या पाण्याहून उशिरा गोठते. शिवाय गार रात्री रोप आपली दिवसाची कमाई कमी खर्च करते. पौषातले गाजर फाल्गुनातल्या गाजराहून गोड का लागते, ह्याचे उत्तर यातच आहे.

आता आपल्याकडे भाजी गारठून मरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात दवाचे हिमकण होतात, निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याची बातमी अधूनमधून येते, विदर्भातही कडाका पडतो. पण बहुतेक महाराष्ट्रात ह्या पिकांना भीती आहे ती नंतर येणाऱ्या उन्हाची. वाटाण्याच्या फुलांना ३० अंशांचा ताप लागला की ती गळू लागतात. गाजराचा रंग फिका पडतो आणि मधली दांडी लाकडासारखी होते. फुलकोबीचा गड्डा पिवळट होऊन सुटतो. मेथी कडवट होते आणि हातभर वाढण्याआधी फुलावर येते.

तेव्हा पेरायचे केव्हा? इथे आपले जुने नक्षत्रांचे कोष्टक फार उपयोगी पडते. दसरा आणि दिवाळी ह्या चंद्राच्या तिथीप्रमाणे मागेपुढे सरकतात. दसरा एखाद्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस येतो, तर एखाद्या वर्षी ऑक्टोबरच्या चोविसाव्या तारखेपर्यंत लांबतो. "दसऱ्याला पेरले" एवढ्याने हवामान कळत नाही. नक्षत्रे मात्र सूर्याच्या चालीवर मोजलेली आहेत. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागते, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास, स्वाती २४ ऑक्टोबरला आणि विशाखा ६ नोव्हेंबरला. त्यात दरसाल एखाद्या दिवसाचाच फरक पडतो. आपल्या आजोबांनी ज्वारीची पेरणी नक्षत्रावर धरली ती उगीच नव्हे. शिक्षकांनी वर्गातल्या भिंतीवर तिथी, नक्षत्र आणि इंग्रजी तारीख अशा तीन रकान्यांचा तक्ता लावला, तर गणित आणि शेती दोन्ही एकाच वेळी शिकवून होतील.

हिशेब पुढून मागे करावा. भोगी १३ जानेवारीच्या सुमारास येते. भोगीच्या भाजीत गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे लागतात. ते आपल्याच परसातले असावेत अशी इच्छा असेल, तर बोटे मोजायला लागा. गाजराला नव्वद दिवस लागतात, म्हणजे ते चित्रात, १५ ऑक्टोबरच्या आसपास पेरले पाहिजे. हरभराही त्याच सुमारास टोकावा. वाटाण्याच्या हिरव्या शेंगांना सत्तर दिवस धरा. स्वातीची पेरणी त्याला साधते. कोबीचे रोप वाफ्यात महिनाभर आणि लागणीनंतर साठ-सत्तर दिवस, असे शंभर दिवस होतात, म्हणून कोबीचे बी हस्तात पडले पाहिजे. मुळा पंचेचाळीस दिवसांत येतो, तो नोव्हेंबरच्या शेवटी पेरला तरी चालेल. मेथीला महिनाच पुरे. भोगीच्या भाजीबरोबर ताटात कोवळी मेथी हवी असेल, तर ती डिसेंबरच्या मध्याला टाकावी.

म्हणून सगळे बी एकाच दिवशी पेरून हात झटकण्यात अर्थ नाही. विशेषतः पालेभाजी. एका वाफ्यात मेथी एकदम येते, आठ दिवस घरचे आणि शेजारचे खातात, आणि नंतर महिनाभर पुन्हा बाजाराची वाट. त्याच वाफ्याचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एकेक भाग पेरला, तर भाजी सलग मिळत राहते.

लवकर पेरणे म्हणजे नेहमीच शहाणपण, असेही मात्र समजू नये. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर जे कडक ऊन पडते, त्यात कोबीची रोपे पिचतात. त्यांच्यावर दुपारपुरती गवताची किंवा तुराट्यांची सावली करावी लागते. आणि कांद्याची गोष्ट तर अगदी वेगळी. रब्बी कांद्याचे रोप फार आधी टाकले आणि जून, जाड रोपे लावली, तर ऐन थंडीत त्या रोपाला वाटते की आपले एक वर्ष सरले, आता फुलावे. मग डेंगळे येतात आणि कांदा पोसत नाही. रोप बारीक असेल तर त्याला थंडीची ही हाक ऐकूच येत नाही. म्हणून स्वाती-विशाखात बी टाकावे आणि सहा ते आठ आठवड्यांची, पेन्सिलीहून बारीक रोपे डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी लावावी.

तारखेइतकीच जात पाहिली पाहिजे. बियाण्याच्या पुडीवर नुसते 'फुलकोबी' लिहिलेले असेल तर ती घेऊ नये. फुलकोबीत लवकर येणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या अशा जाती आहेत. पुसा दीपालीसारखी लवकरची जात उशिरा लावली, तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरून बसते. स्नोबॉल १६ ही कडक थंडीची जात घाईने लावली, तर नुसती पाने माजतात. दोष दुकानदाराला देण्याआधी पुडी उलटून पाहावी. मुळ्यातही पुसा चेतकी उन्हाळ्याला चालते, जपानी व्हाइट हिवाळ्यात खुलतो. गाजरात नान्टीज थंडीचे, तर लाल पुसा केसर थोडा ताप अधिक सोसते. कोबीत गोल्डन एकर लहान गड्ड्याची आणि लवकर येणारी, म्हणून परसबागेला सोयीची. कोकणात थंडी बेताची. तेथे गड्ड्याच्या भाज्यांचा फार हट्ट धरू नये. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, मुळा, माठ आणि अलिबागकडे पांढरा कांदा, हीच तेथली खरी हिवाळी शेती. त्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता वाफ्याकडे वळू. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असा वाफा मुलांना झेपतो. जमीन फावड्याच्या पात्याइतकी खोल खणून, ढेकळे फोडून, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कुजलेले, हे मुद्दाम सांगतो. ताजे शेण घातले तर हुमणी आणि वाळवी येते आणि गाजराला फाटे फुटतात. काळ्या जमिनीत गाजर-मुळा वाकडातिकडा होतो, त्यासाठी वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात नदीची वाळू मिसळावी.

बी किती खोल पेरावे? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, ह्यापेक्षा अधिक नाही. वाटाणा दोन बोटे खोल जातो. गाजराचे बी मात्र जेमतेम झाकले पाहिजे. हे बी इतके हलके की मुठीतून एकाच जागी पडते, म्हणून ते चौपट बारीक वाळूत मिसळून ओळीत सोडावे. गाजर उगवायला आठ-बारा दिवस घेते आणि तेवढ्यात वरची माती वाळून तिची पापडी धरते. पुष्कळ लोक ह्याच दिवसांत कंटाळून "बी खोटे निघाले" म्हणतात. पेरणीनंतर वाफ्यावर ओले पोते अंथरावे आणि रोज झारीने भिजवावे. सहाव्या-सातव्या दिवसापासून पोते उचलून पाहावे आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढून टाकावे. पुढे रोपे चार बोटांची झाली की विरळणी केलीच पाहिजे. उपटायला जीव होत नाही हे खरे, पण दाट गाजरे दोरीसारखी होतात.

धने अख्खे पेरू नयेत. त्यात दोन बिया जोडलेल्या असतात. फळीखाली हलके रगडून त्यांच्या फाकी कराव्या, रात्रभर पाण्यात भिजवाव्या आणि मग पेराव्या. नाही तर कोथिंबीर, म्हणजे आमच्या विदर्भातल्या श्रोत्यांचा सांबार, उगवायला पंधरा दिवस वाट पाहायला लावतो. मेथीचे पंधरा ते वीस ग्रॅम बी वर सांगितलेल्या वाफ्याला पुरते. ती फेकून पेरण्याची चाल आहे. परंतु चार-चार बोटांवर ओळी पाडल्या तर तण काढणे सोपे जाते. पालक उपटू नये, जमिनीपासून दोन-तीन बोटे ठेवून कापावा. तो पुन्हा फुटतो आणि तीन-चार कापण्या देतो. लसणाच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या लागणीला घ्याव्या आणि टोक वर ठेवून चार बोटांवर खोचाव्या. लसणाला थंडी अंगावरून जावी लागते. फार उशिरा लावलेल्या लसणाची एकच गाठ राहते, तिच्या पाकळ्या पडत नाहीत.

बाजारच्या पुडीत न येणाऱ्या आपल्या काही भाज्या ह्या सगळ्यांहून काटक आहेत, त्यांची आठवण ठेवावी. चाकवत आणि चंदनबटवा थंडीत जोमाने येतात. करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे शेंडे ह्यांची भाजी होते. आणि हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात, म्हणजे भाजी खाऊन पीक वाढते असा हा दुर्मिळ व्यवहार आहे. पानांवरची आंब ही झाडानेच स्रवलेली आम्ले असतात. मुलांना जिभेवर एक पान ठेवू द्यावे.

पाण्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. हिवाळ्यात अशा सहा चौरस मीटरच्या वाफ्याला दिवसाला सुमारे पंचवीस लिटर पाणी लागते, असा ढोबळ अंदाज धरावा. आता पाहा, शाळेत शंभर मुले दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर हात धुतात. एका मुलाचे अर्धा लिटर धरले तरी पन्नास लिटर झाले. दोन वाफ्यांची सोय झाली. वाळू आणि गोट्यांनी भरलेल्या खड्ड्यातून ते पाणी गाळून पाटाने वाफ्यात सोडावे. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला नको, ते केळीकडे न्यावे. पाणी शक्यतो सकाळी द्यावे. फक्त कडाक्याची थंडी पडण्याचे चिन्ह दिसेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, त्या संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते.

किडींविषयी थोडक्यात. कोबीभोवती मोहरीची एक ओळ दोन आठवडे आधी पेरली, तर चौकोनी ठिपक्याचा पतंग आणि मावा आधी तिकडे वळतात. लिंबोळ्यांच्या गराची पूड एका लिटरला पन्नास ग्रॅम ह्या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. ज्या भाजीची पाने मुले उद्या खाणार, तिच्यावर विषारी औषध मारू नये.

शाळांपुढे खरी अडचण उभी राहते ती सुट्टीची. पेरणीचे जे ऐन दिवस, तेच दिवाळीच्या सुट्टीचे. उत्साहाने वाफे पेरले जातात, शाळा बंद होते, आणि परत आल्यावर वाळलेल्या ओळी दिसतात. ह्यावर माझी सूचना अशी. सुट्टीआधी फक्त लसूण लावावा आणि वाफा गवताने झाकावा. तो पाण्याचा थोडा खंड सोसतो. गाजर पेरायचेच असेल, तर ज्या मुलांची घरे शाळेजवळ आहेत त्यांची पाळी लावूनच. कोबीचे बी शाळेत टाकू नये. गावातल्या एखाद्या बागाईतदाराकडे शब्द टाकून ठेवावा आणि सुट्टीनंतर तयार रोपे आणावी. शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी मेथी, पालक, मुळा पेरावा. ही तीन पिके नाताळापर्यंत मुलांच्या ताटात येतात.

ताटात येणे हे महत्त्वाचे. शाळेतील दुपारच्या जेवणाची देशव्यापी योजना १९९५ पासून आहे, आणि २०२१ पासून ती पीएम पोषण ह्या नावाने चालते. तरी २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांतील ६७ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले उद्या आपल्या वर्गात येणार. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. तेव्हा परसबागेच्या कोपऱ्यात एक कागदी लिंबाचे झाड असावे आणि वाढताना भाजीवर लिंबू पिळावे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवितो. पेरणीआधी प्रत्येक बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळावे आणि किती रुजले ते मोजावे. कांद्याचे बी वर्षभरातच निकामी होऊ लागते, मुळ्याचे तीन वर्षे टिकते. जुन्या पुड्यांची परीक्षा त्यातच होईल. दुसरे असे की, एकाच पुडीतला मुळा तीन ओळींत पेरावा, पहिली ओळ नोव्हेंबरच्या मध्याला, दुसरी डिसेंबरअखेर आणि तिसरी फेब्रुवारीच्या मध्याला. रोज सकाळचे व दुपारचे उष्णतामान फळ्यावर लिहावे. पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक ओळीतले पाच मुळे उपटून वजन करावे आणि किती झाडांना तुरा आला ते मोजावे. थंडीचे दार केव्हा लागते, हे मुले स्वतःच्या वहीत पाहतील, आणि प्रत्येक गावचे उत्तर थोडे वेगळे येईल.

शिवरात्रीपर्यंत वाफे रिकामे होऊ लागतात. तिथे माघाच्या अखेरीपासून, पाणी पुरणार असेल तरच, भेंडी, गवार, काकडी, दोडका लावावा. आपल्या वसंतातली पेरणी ती हीच. मुळ्याची तुऱ्यावर आलेली रोपे उपटून टाकू नयेत. त्यांच्या कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी चांगली होते, आणि काही शेंगा झाडावरच वाळू दिल्या तर बी मिळते. मात्र जवळपास मुळ्याची दुसरी जात फुललेली असेल, तर मधमाश्यांमुळे बी मिश्र होते. असे बी घरच्या वाफ्यापुरते वापरावे; अमुक जातीचे म्हणून दुसऱ्याला देऊ नये.